आग बाहेर, पाणी आत

न्हाणीघरातील गॅस गीझर सुरक्षित जागी हलविण्याबाबत माले (ता. मुळशी, जि. पुणे) परिसरातील रहिवाशांचे मागणीपत्र

प्रति,
१. मा. सरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत माले
२. मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती मुळशी, पौड
३. मा. तहसीलदार, मुळशी, पौड
४. मा. महानगर आयुक्त, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए)
५. मा. तालुका आरोग्य अधिकारी, मुळशी
६. घरगुती गॅस पुरवणाऱ्या कंपन्या व त्यांचे या भागातील वितरक
७. मा. कार्यकारी अभियंता, महावितरण

विषय : गॅस गीझरची जागा, त्याची जोडणी, तपासणी आणि दुर्घटनेनंतरचे उपचार याबाबत.

महोदय, महोदया,

आम्ही माले आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतले घरमालक, भाडेकरू, गृहिणी, शेतघरांचे राखणदार आणि पर्यटकांना खोल्या देणारे आहोत. आमचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येते. पाणी तापवणारी आग माणसाच्या बंद खोलीत नसावी. ती भिंतीपलीकडे असावी आणि तापलेले पाणी तेवढे आत यावे.

मागणी साधी दिसते, पण ती का करावी लागते हे समजल्याशिवाय पाळली जाणार नाही. म्हणून आधी कारणे सांगतो, मग मागण्या.

१. गॅस गीझर आमच्या घरात कसा आला

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा पावसाचा पट्टा. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते, सकाळी गार पाण्याला हात लावावासा वाटत नाही. पावसाळा संपतो न संपतो तोच थंडी येते. गरम पाणी ही इथे चैन नाही. लहान मुले, म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि शेतातून चिखलाने माखून आलेला माणूस, सगळ्यांनाच ते रोज लागते.

पूर्वी हे पाणी पाणचुलीवर किंवा बंबात तापे. तांब्याच्या बंबाच्या मधोमध नळकांडे, त्यात सालपटे, चिपाडे, गोवऱ्यांचे तुकडे, आणि भोवती पाणी. हा बंब परसात, पडवीत किंवा न्हाणीच्या बाहेर असे. धूर डोळ्यांना झोंबायचा म्हणून तो बाहेर ठेवला जाई. त्या धुराची आम्हाला कटकट वाटायची, पण त्यानेच आग कुठे ठेवायची हे ठरवून दिले होते. जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. निखाऱ्यांचा बंब बंद खोलीत ठेवला तर तोही तितकाच घातक असतो.

मग सिलिंडर आला, जळण गोळा करण्याचे कष्ट वाचले, आणि त्यापाठोपाठ गॅस गीझर आला. विजेचा गीझर का नाही, याचे उत्तर प्रत्येक घरात सारखेच आहे. पावसात वीज जाते, आली तरी दाब कमी असतो. मुळशीच्या जलाशयाचे पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याला वीज तयार करते, आणि त्याच जलाशयाच्या शेजारी पहाटे मेणबत्ती शोधावी लागते, हे इथल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. छपरावरचा सौर बंब आठ महिने उत्तम चालतो, पण ज्या चार महिन्यांत गरम पाणी सर्वांत जास्त हवे असते त्याच चार महिन्यांत तो सूर्याची वाट बघत बसतो. राहिला गॅस गीझर. दोन सेलवर पेटतो, नळ सोडताच पाणी गरम येते, किंमतही परवडते. त्यामुळे तो घेणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. चूक घेण्यात झाली नाही, बसवण्यात झाली.

धूर दिसत नाही, म्हणून गीझर थेट न्हाणीत बसला. पाइप कमी लागतो, मिस्त्रीचे काम तासाभरात उरकते, आणि नळाशेजारीच बटण असले की बरे वाटते.

२. चार फूट बाय सहा फूट

नमुन्यादाखल आमच्याकडचे एक नेहमीचे न्हाणीघर घेऊ. लांबी सहा फूट, रुंदी चार फूट, उंची आठ फूट. आत १९२ घनफूट, म्हणजे सुमारे ५.४ घनमीटर हवा. छताजवळ एक झरोका आहे, पण आषाढात पावसाची झड आत येते म्हणून त्यात प्लास्टिकची पिशवी कोंबलेली आहे. ती आषाढात कोंबली आणि माघापर्यंत तशीच राहिली. दाराला आतून कडी, खाली उंबरा, त्यामुळे दाराखालून वारा येत नाही. डोक्याच्या उंचीवर भिंतीला गीझर, त्याच्या वर भिंतीच्या फरशीवर तळहाताएवढा काळपट डाग. घरातली बाई दर आठवड्याला तो डाग साबणाने घासून काढते. तो डाग म्हणजे काजळी आहे आणि ज्योतीला हवा कमी पडते याची ती पावती आहे, हे तिला आजवर कोणी सांगितलेले नाही.

आता हिशेब. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे तर सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्याला द्यावी लागते. वाया जाणारी धरली तर ज्योत साधारण बारा किलोवॅटची होते. स्वयंपाकाच्या शेगडीचा एक बर्नर दोन किलोवॅटच्या आसपास असतो. म्हणजे न्हाणीत कडी लावून सहा बर्नर पूर्ण मोठे करून ठेवल्यासारखे झाले. कोणतीही गृहिणी असे स्वयंपाकघरातही करणार नाही.

ही ज्योत तासाला सुमारे ९०० ग्रॅम गॅस खाते. एक किलो गॅस पुरता जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. पंधरा मिनिटांच्या अंघोळीत सव्वादोनशे ग्रॅम गॅस जळतो आणि त्याला पावणेतीन घनमीटर हवा लागते. न्हाणीत आहे साडेपाचाच्या आत. बाहेरून ताजी हवा आली नाही तर पाव तासात निम्म्या हवेतला प्राणवायू ज्योतीच्या पोटात जातो. उरलेल्या अर्ध्यावर माणसाने श्वास घ्यायचा आणि त्यातूनच ज्योतीलाही पुढचा घास द्यायचा.

प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते, म्हणून दररोज दुर्घटना होत नाही. पण प्राणवायू उतरत गेला की गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, आणि तो गॅसबरोबर जळून जातो. त्यामुळे ‘वास आला नाही म्हणजे गळती नाही, म्हणजे धोका नाही’ हा आपला नेहमीचा विश्वास इथे फसवतो. गीझर नवा असेल, कुठेही गळत नसेल, तरी बंद न्हाणीत जीव जाऊ शकतो.

दिवाळीत तर हा हिशेब आणखी बिघडतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल, उटणे आणि एकामागून एक अंघोळी. थंडी वाजते म्हणून झरोका बंद, आतली ऊब जाऊ नये म्हणून दार चटकन लावून घ्यायचे. पहिल्याने वापरलेली हवा दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. घरात शेवटी अंघोळ बहुधा त्या बाईची होते जी सर्वांत आधी उठलेली असते.

३. शरीरात काय होते

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, मग पायांतले बळ जाते. दार उघडावे हे सुचते, पण उठता येत नाही. कडी आतून असते. बाहेरच्यांना वाटते, आज अंघोळीला वेळ लागतोय.

न्हाणीत आकडी येऊन किंवा बेशुद्ध होऊन पडलेल्या रुग्णांवर भारतीय मेंदुविकारतज्ज्ञांनी लिहिले आहे आणि या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच पडले आहे. अनेकदा हा रुग्ण अपस्माराचा, रक्तदाबाचा किंवा अशक्तपणाचा समजून घरी पाठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच न्हाणीत अंघोळीला जातो. वाचलेल्यांतही काहींना काही आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यातला तोल जाणे असे त्रास सुरू होतात.

आणखी एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. हे साधे यंत्र प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखू शकत नाही. माणूस विषारी हवेने कोसळलेला असतो आणि पडद्यावर ९८ दिसते. त्या ९८ वर विसंबून वेळ घालवू नये.

४. ही फक्त आमची भीती नाही

जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला एका शाळकरी मुलीचा गॅस गीझर असलेल्या न्हाणीत गुदमरून बळी गेल्याचे राज्याने वाचले. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला होळी खेळून आलेले दांपत्य न्हाणीत मृतावस्थेत सापडले आणि संशय गीझरच्या वायूवर गेला. त्याच होळीला उत्तर प्रदेशात गाझियाबाद जिल्ह्यातल्या एका दांपत्याची तशीच बातमी आली. रंग जाईपर्यंत अंघोळ लांबते, एवढेच त्यांचे चुकले. ही शहरातली घरे होती, हाकेच्या अंतरावर रुग्णालये होती. आमच्याकडे पावसाळ्यात दरड आली की रस्ताच बंद होतो.

इतर देशांनी यावर नियम केले आहेत. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार खोलीतली हवा घेऊन जळणारे उपकरण न्हाणीघरात बसवताच येत नाही. तिथे चालतो तो बंद कोठीचा गीझर, जो बाहेरूनच हवा घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. भाड्याच्या घरातली गॅस उपकरणे दरवर्षी तपासून भाडेकरूला दाखला देणे घरमालकाला बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या इंधन-वायू संहितेचा ठोकताळा असा, की ताशी दर १००० बीटीयू (उष्णतेचे एकक) ज्योतीमागे ५० घनफूट जागा हवी. आपल्या बारा किलोवॅटच्या गीझरला त्या मापाने दोन हजार घनफुटांहून अधिक जागा लागेल, म्हणजे दहा फूट बाय वीस फूट आणि दहा फूट उंच दालन. आपली न्हाणी १९२ घनफुटांची. आपण दहापट कमी जागेत काम चालवतो आहोत.

आपल्याकडेही काहीच नाही असे नाही. गॅसवरच्या छोट्या घरगुती गीझरसाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस १५५५८ हे मानक २००५ पासून आहे. बऱ्याच गीझरच्या पुस्तिकेत ‘बंद न्हाणीघरात बसवू नये’ असे छापलेले असते. पण पुस्तिका खोक्यात राहते आणि खोके माळ्यावर जाते. गीझर कुठे बसला, हे पाहायला घरापर्यंत कोणी येत नाही. आमची तक्रार नेमकी इथे आहे.

५. नेहमीची उत्तरे

‘दहा वर्षे वापरतोय, काही झाले नाही.’ दहा वर्षे झरोका उघडा असेल, बर्नर स्वच्छ असेल, अंघोळी आटोपशीर असतील. यातली एक गोष्ट बदलली की हिशेब बदलतो.

‘आम्ही पंखा बसवलाय.’ हवा बाहेर ओढणाऱ्या पंख्याला आत येणारी हवाही लागते. दार घट्ट आणि झरोका बंद असेल तर तो पंखा गीझरच्या धुराड्यातून धूर उलटा खोलीत ओढू शकतो. पंखा ही सोय आहे. जागेची चूक त्याने भरून निघत नाही.

‘दाराला फट ठेवतो.’ घरात चार माणसे असताना कोणती सून, कोणती वयात आलेली मुलगी दार अर्धवट लावून अंघोळ करील? जो उपाय बायकांनी लाज सोडण्यावर अवलंबून आहे तो उपाय म्हणता येणार नाही.

‘मग विजेचा घ्या.’ जरूर, पण त्यालाही नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवा. पाणी भरलेल्या गीझरचे वजन पेलणारी पक्की भिंत हवी, आणि तो अंघोळीच्या जागेच्या बरोबर डोक्यावर नको. बादलीत सोडलेला रॉड तर यांपैकी कशातच बसत नाही.

६. मग जागा कोणती

आमच्या मते गॅस गीझरला योग्य जागा अशी :

- न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या गॅलरीत किंवा परसाच्या बाजूला. काचा लावून बंद केलेली गॅलरी ही खोलीच समजावी.
- झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून किमान तीन फूट दूर, म्हणजे गीझरचा धूर खिडकीतून आत जाणार नाही.
- आमच्या भागात पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून शक्यतो पूर्वेची किंवा ईशान्येची भिंत निवडावी, वर पत्र्याचे लहान छप्पर द्यावे, पण पुढची बाजू मोकळी ठेवावी. वाऱ्याने ज्योत विझते ही तक्रार खरी आहे, तिच्यासाठी गीझर आत आणायची गरज नाही, आडोसा पुरतो.
- सिलिंडर जमिनीच्या पातळीवर, मोकळ्या जागी, उभा. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात, तळघरात आणि न्हाणीच्या मोरीत साचतो.
- रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि भिंतीतून मुळीच नको. अंतर जास्त असेल तर तांब्याचा किंवा जीआयचा पक्का पाइप, आणि गीझरजवळ हाताला येईल असा स्वतंत्र कॉक.
- बाहेरची भिंतच नसेल तर बंद कोठीचा गीझर, नाहीतर विजेचा. धुराडे नसलेला गॅस गीझर अशा घरात नकोच.

बहुतेक घरांत हे काम दहा-बारा फूट पाइप, भिंतीला एक भोक आणि मिस्त्रीचा एक दिवस एवढ्यात होते.

७. मागण्या

ग्रामपंचायतीकडे

१. येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा : माले ग्रामपंचायत हद्दीत बंद न्हाणीत, झोपण्याच्या खोलीत किंवा हवा नसलेल्या माळ्यावर गॅस गीझर नवा बसवू नये, आणि आधीचे येत्या दिवाळीपूर्वी हलवावेत.

२. घरपट्टीच्या आकारणीसाठी घरोघरी माणूस जातोच. नमुना ८ च्या कामाबरोबर त्याने गीझरचा प्रकार आणि जागा यांचीही वेगळी यादी करावी. ही यादी दंड करण्यासाठी नको, कोणत्या घरी आधी जायचे हे कळण्यासाठी हवी.

३. ज्यांना पाइपचा खर्च झेपत नाही अशा विधवा, वृद्ध आणि भूमिहीन कुटुंबांना स्वनिधीतून मदत करावी.

पीएमआरडीएकडे

४. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार नकाशात न्हाणीचा झरोका दाखवावा लागतो. त्याच नकाशात पाणी तापवण्याच्या उपकरणाची जागाही दाखवायला लावावी. बंगल्यांच्या वसाहती, शेतघरे आणि कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या यांत बाहेरच्या भिंतीवर गीझरची चौकट, गरम पाण्याचा पाइप आणि विजेचा बिंदू बांधतानाच ठेवावा. भोगवटा प्रमाणपत्र देताना ही जागा प्रत्यक्ष पाहावी.

गॅस कंपन्या आणि वितरकांकडे

५. दर पाच वर्षांनी होणाऱ्या अनिवार्य तपासणीत माणूस शेगडी, नळी आणि रेग्युलेटर पाहून निघतो. त्याने न्हाणीपर्यंत चालत जावे. गीझर आत असेल तर तसे तपासणीपत्रावर मराठीत लिहावे आणि घरातल्या मोठ्या बाईला वाचून दाखवावे. पुरुष बहुधा कामावर असतात.

६. एकाच सिलिंडरवर जुगाडू ‘टी’ लावून शेगडी आणि गीझर चालवले जातात. ते काढून सुरक्षित जोडणीचा पर्याय माफक दरात द्यावा. गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक प्रत्येक गॅसबुकावर ठळक चिकटवावा.

मिस्त्रींबाबत, पंचायत समितीकडे

७. तालुक्यातल्या प्लंबर आणि गीझर बसवणाऱ्यांचे एक दिवसाचे प्रशिक्षण पौडला घ्यावे. त्यानंतर गीझर बसवणाऱ्याने जागा, तारीख, स्वतःचे नाव आणि सही असलेली जोडणीची चिठ्ठी घरमालकाला द्यावी. चुकीच्या जागी बसवायला नकार देण्याचे बळ त्या चिठ्ठीने मिस्त्रीलाही मिळेल.

तहसीलदारांकडे

८. भाड्याच्या खोल्या, वसतिगृहे, शेतघरे आणि २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदलेली केंद्रे यांची पावसाळ्यापूर्वी एकदा तपासणी व्हावी. शनिवारी रात्री येणाऱ्या पाहुण्याला त्या न्हाणीची ओळख नसते. जिथे गॅस गीझर आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी धोक्याची घंटा आणि बाहेरून उघडता येणारी कडी सक्तीची करावी.

९. न्हाणीत झालेल्या प्रत्येक अकस्मात मृत्यूच्या पंचनाम्यात गीझरचा प्रकार, त्याची जागा, झरोका उघडा की बंद, ज्योतीचा रंग आणि दार कसे उघडले हे लिहिले जावे, आणि शवविच्छेदनात रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडची तपासणी व्हावी यासाठी पोलिसांना कळवावे. ‘हृदयविकाराने’ म्हणून बंद झालेली फाइल पुढच्या घराला काही शिकवत नाही.

आरोग्य विभागाकडे

१०. प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंना या विषबाधेची ओळख करून द्यावी. न्हाणीत कोसळलेल्या रुग्णाला ऑक्सिमीटरचा आकडा काहीही असो, मुखवट्याने शुद्ध प्राणवायू ताबडतोब सुरू व्हावा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास. हा फरक मेंदू वाचण्याचा आहे. प्रत्येक केंद्रात आणि १०८ च्या गाडीत प्राणवायूचे भरलेले सिलिंडर आहेत की नाहीत, याची महिन्याला नोंद ठेवावी.

महावितरणकडे

११. पावसाळ्यात पहाटे ५ ते ८ या वेळेत वीजपुरवठा आणि दाब स्थिर ठेवावा, आणि घरगुती जोडण्यांचे अर्थिंग तपासण्याची मोहीम घ्यावी. विजेवर भरवसा बसला तर अर्धे गॅस गीझर लोक आपणहून काढतील.

हे सगळे एका दिवसात होणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. क्रम लावायचा तर ठराव, घरोघरची यादी आणि आरोग्य केंद्रातला प्राणवायू या तीन गोष्टी आधी व्हाव्यात. त्यांना नवा कायदा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. या मागण्यांवर काय ठरले, ते पुढील ग्रामसभेत लेखी वाचून दाखवावे, ही विनंती.

८. आमच्या बाजूने

सरकारने करावे आणि आम्ही बघावे, असे आमचे म्हणणे नाही. या पत्रावर सह्या करणारे आपापल्या घरातला गीझर आधी हलवतील. घरमालक तो खर्च भाडेकरूवर टाकणार नाहीत. झरोक्यांतल्या पिशव्या काढून तिथे झड अडवणारी, पण हवा येऊ देणारी तिरकी पट्ट्यांची जाळी बसवू. बचत गटांच्या बैठकीत आणि शाळेत जाऊन आम्ही हा चार बाय सहाचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवू. कोणाच्या घरी काजळीचा डाग दिसला तर शेजारधर्म म्हणून सांगू. त्याला चोंबडेपणा म्हटले तरी चालेल.

आणि गीझर हलेपर्यंत काय? त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. उद्या सकाळपासून प्रत्येक घराने एवढे करावे :

दार उघडे ठेवून बादली भरा. गीझर बंद करा, गॅसचा कॉक बंद करा. दोन मिनिटे हवा खेळू द्या. मगच आत जाऊन कडी लावा. आत कोणी असेपर्यंत गीझर पेटवू नका. कोणी वेळ लावला तर हाक मारा, ओ आली नाही तर दार तोडा. आधी गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा. दार पुन्हा बसवता येते.

आपले विश्वासू,
माले परिसरातील रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)